पांढरा थर

आमच्या भागात रक्ततपासणीचा कागद हातात पडला की माणूस आधी हिमोग्लोबिन पाहतो. ते कमी असले तर काळजी, ठीक असले तर चहा. पांढऱ्या पेशींच्या आकड्याकडे फारसे कोणी बघत नाही आणि बघितलेच, तर वाढलेला आकडा अनेकांना चांगला वाटतो. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हे शाळेपासून डोक्यात बसलेले असते. शिपाई वाढले तर बिघडले कुठे? पांढुर्ण्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली. या प्रश्नाचे उत्तर मी काउंटरवर उभ्या उभ्या पुष्कळदा दिले आहे. ते दोन वाक्यांत बसत नाही, म्हणून आज जरा सवडीने देतो.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये आमचा वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आम्ही छिंदवाड्याचे. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि दुखणे मोठे निघाले की नागपूर, असा आमचा रिवाज आहे. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना तिथल्या रहिवाशांसाठी, ती आम्हाला लागू नाही. आयुष्मान कार्ड राज्याची हद्द ओलांडून चालते, एवढा आधार अलीकडे झाला. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या कॅन्सरचा संशय आला, तरी पक्के निदान नागपूरलाच होते. पहिला संशय मात्र बहुतेक वेळा इथेच, आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली येतो.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यातला सीएमएल, गाजावाजा करत येत नाही. थकवा वाटतो, वजन उतरते, चार घास खाल्ले की पोट भरते. खेड्यातला माणूस डाव्या बरगडीखाली हात ठेवून ‘पोटात गोळा झाला जी’ म्हणतो. तो गोळा म्हणजे वाढलेली पानथरी. पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीच्या आसपास गाठतो, आपल्याकडे चाळिशीच्या आसपास. म्हणजे ऐन कर्त्या माणसाला.

सौंसरकडचा एक संत्रा बागायतदार असाच आला होता. तेव्हा आम्ही पीसीव्हीसाठी, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा मोजण्यासाठी, रक्त विंट्रोबच्या नळीत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवत असू. फिरवलेल्या नळीत तीन थर पडतात. खाली लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा थर. त्याला आम्ही बफी कोट म्हणतो. निरोगी माणसात हा थर जेमतेम एक मिलिमीटर असतो, नळी उजेडात धरल्याशिवाय नीट दिसतही नाही. या माणसाच्या नळीत तो बोटाच्या अर्ध्या पेराएवढा होता, दाट सायीसारखा. एका मायक्रोलिटरमध्ये चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असाव्यात, त्याच्या दोन लाखांच्या वर निघाल्या. लेशमन स्टेन करून स्लाइड ऑइल इमर्शनखाली घेतली. एरवी लाल पेशींच्या गर्दीत पांढरी पेशी शोधावी लागते, इथे लाल पेशींनाच जागा उरली नव्हती. शिवाय ज्या अर्धवट वाढीच्या पेशी हाडांच्या मगजातून बाहेर पडायला नकोत, त्या मायलोसाइट आणि मेटामायलोसाइट, रक्तात मोकाट हिंडत होत्या. एरवी शंभरात एखादी दिसणारी बेसोफिल जिकडेतिकडे होती. रिपोर्ट डॉक्टरांच्या हाती दिला, त्यांनी नागपूरची चिठ्ठी लिहिली. जाता जाता त्या माणसाने विचारले, ‘‘पांढऱ्या पेशी वाढल्या म्हंजे ताकतच वाढली ना जी?’’

त्याच्या आजाराचे मूळ शोधायला विज्ञानाला बरीच वर्षे लागली होती. १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. ते आखूड का झाले, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. नऊ आणि बावीस क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे मोडून एकमेकांच्या जागी जोडले जातात. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल नावाचे नवे जनुक तयार होते, आणि त्यातून बनणारे प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देत राहते. तो थांबवायचे बटण त्याला नसते. नेमके हेच प्रथिन अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. मूळ कंपनीची गोळी महिन्याला सव्वा लाखाच्या घरात जायची, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळायची. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाचे पेटंट नाकारले, आणि आमच्यासारख्या भागातल्या माणसाचा जीव या निकालाने वाचला, असे म्हणायला हरकत नाही. बागायतदार भाऊ आजही रोज रात्री जेवणानंतर ती गोळी घेतो. त्याची नळी आता इतरांसारखीच दिसते.

माझ्या मनात मात्र त्याचा प्रश्न राहिला. दोन लाख शिपाई असून ते आपल्याच घरातला चोर का ओळखत नव्हते?

कोरोनाच्या काळात ‘अँटिजेन टेस्ट’ घरोघर माहीत झाली. अँटिजेन म्हणजे प्रतिकारयंत्रणेला ज्यावरून परके ओळखू येते तो तुकडा. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवत असते. टी पेशी ते तपासत फिरतात. विषाणूचा तुकडा दिसला की त्या पेशीला मारतात. कॅन्सरची पेशी आपलीच असल्याने तिच्या अंगावरचे बहुतेक तुकडेही आपलेच असतात आणि स्वतःच्या तुकड्यांवर हल्ला करणाऱ्या बहुतांश टी पेशी शरीराने लहानपणीच काढून टाकलेल्या असतात. शिवाय सीएमएलमध्ये वाढलेली फौज टी पेशींची नसतेच. आजार ज्या घराण्यात शिरला, तेच घराणे फुगलेले असते. बागायतदाराच्या नळीतला दाट थर पहारेकऱ्यांचा नव्हता, ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांचा होता.

तरीही ओळख पटण्याजोगे काहीतरी सीएमएलच्या पेशीवर असते. बीसीआर-एबीएलच्या सांध्यावरचा तुकडा निरोगी शरीरात कुठेच नसतो, म्हणजे तो खरोखरीचा नवा. दुसरे काही तुकडे जुनेच असतात, पण बेसुमार दाखवले जातात. प्रोटिनेज-३ या प्रथिनाचा पीआर-१ हा तुकडा त्यांतला, डब्ल्यूटी-१ हे प्रथिनही त्यांतलेच. प्रश्न एवढाच उरतो की, शरीर ते पाहून प्रत्यक्षात काही करते का?

करते, हे कळले अस्थिमज्जा प्रत्यारोपणातून. भारतातले पहिले प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. नऊ वर्षांच्या एका मुलीला तीव्र ल्युकेमिया झाला होता, मगज तिच्या भावाचा होता. त्या काळी समजूत अशी होती की, जबर औषधांनी आणि किरणांनी रोगट मगज जाळून टाकायचा आणि नवा मगज म्हणजे त्या जळलेल्या जागी केलेली लागवड. आमच्याकडे संत्र्याचे कलम असेच करतात. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा. खुंट डोळ्याला निमूट पोसतो, डोळा खुंटाशी भांडत नाही. माणसाचे कलम तसे निमूट नसते. दात्याच्या टी पेशी नव्या घरात आल्या की तिथली कातडी, आतडी, यकृत यांना परके समजून भिडतात. या भांडणाने माणूस दगावतोही. म्हणून डॉक्टरांनी दात्याच्या मगजातून टी पेशी काढून टाकून पाहिल्या. भांडण कमी झाले, पण सीएमएल अधिक रुग्णांत उलटून आला. एकसारख्या जुळ्या भावंडाचा मगज दिला तेव्हाही तसेच. भांडण नव्हतेच आणि आजार परत येण्याचे प्रमाण जास्त. १९९० साली जगभरच्या नोंदी एकत्र करून हे मांडले गेले, तेव्हा अर्थ उघड झाला. आजार बरा करण्यात जबर औषधांइतकाच त्या भांडणाचाही वाटा होता. परक्याच्या टी पेशींना जे खुपत होते, त्यात ल्युकेमियाच्या पेशीही होत्या.

त्याच वर्षी जर्मनीत म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रत्यारोपणानंतर सीएमएल उलटलेल्या तीन रुग्णांना त्यांनी इंटरफेरॉन या औषधाच्या जोडीने मूळ दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिल्या. तिघांचाही आजार ओसरला. पुढे अनेक देशांत हा उपाय झाला आणि क्रॉनिक अवस्थेत उलटलेल्या सीएमएलमध्ये बहुतेकांना त्याचा गुण आला. त्या पेशी कुठून घेतल्या होत्या? दात्याच्या रक्तातल्या बफी कोटमधून. हे वाचले त्या दिवशी मी एका निरोगी माणसाची नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. जो थर अर्धे पेर झाला की आजार असतो, तोच दुसऱ्या कुणाच्या नळीत मिलिमीटरभर असताना औषध होतो. फरक जाडीचा नाही, त्यात कोण बसले आहे याचा आहे.

मग परक्या पेशी हे करतात, तर रुग्णाच्या स्वतःच्या का करत नाहीत? गोळी येण्याआधी सीएमएलला इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. थंडी-ताप, अंगदुखी, उदासी, असा सगळा त्रास सोसून थोड्या रुग्णांत ते आखूड गुणसूत्र, म्हणजेच फिलाडेल्फिया गुणसूत्र, दिसेनासे व्हायचे, आणि त्यांतल्या काहींत इंजेक्शने बंद केल्यावरही ते परतत नसे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या जेफ्री मॉलड्रेम आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशा रुग्णांचे रक्त तपासले. गुण आलेल्यांत पीआर-१ ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या, गुण न आलेल्यांत सापडल्या नाहीत. म्हणजे स्वतःच्या पेशींनाही ओळख पटू शकते. पुढे त्यांनाच एक खिन्न करणारी गोष्टही आढळली. पीआर-१ ला सर्वांत घट्ट धरणाऱ्या, म्हणजे सर्वांत तरबेज टी पेशी, ल्युकेमियाच्या पेशींवर तोच तुकडा भरमसाट दिसल्याने स्वतःच मरून जातात. मागे उरतात त्या कच्च्या ओळखीच्या. आजार वाढला की पहारा ढिला पडतो, आणि पहारा ढिला पडला की आजार वाढतो. सांध्यावरच्या तुकड्याची लसही करून पाहिली गेली. इटलीतल्या एका गटाने २००५ मध्ये तिचे आशादायक निकाल मांडले, पण नेहमीच्या उपचारांत ती काही आली नाही.

मग गोळीने काय साधले? आधी वाटले, गोळी आजार दाबते आणि सोडली की तो उसळतो, म्हणून जन्मभर घ्यायची. फ्रान्समध्ये फ्रांस्वा-झाव्हिए माओं यांच्या गटाने ज्यांच्या रक्तात पीसीआर तपासणीलाही दोन वर्षे बीसीआर-एबीएल दिसले नव्हते अशा शंभर रुग्णांची गोळी थांबवली. २०१० मध्ये निकाल आले. सुमारे चाळीस टक्क्यांत आजार परतला नाही. उरलेल्यांत तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांत परतला आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला. पण खरा विचार करायला लावणारी बाब पुढची आहे. ज्यांचा आजार परतला नाही, त्यांच्यापैकी अनेकांत अधिक बारीक तपासणी केली, तेव्हा रोगट पेशींचा माग तरीही लागत होता. आजार समूळ गेला नव्हता, तरी वाढत नव्हता. अशा रुग्णांत एनके पेशी, म्हणजे एचएलएवरचा तुकडा न पाहताही बिघडलेली पेशी टिपणाऱ्या पेशी, जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले. गोळीने चोरांची संख्या इतकी घटवली की उरलेल्यांना पहारेकरी पुरे पडले, असा याचा सर्वांत पटणारा अर्थ आहे. पुरावा अजून सगळा हाती आलेला नाही, दिशा मात्र स्पष्ट आहे.

दुसरा जुनाट ल्युकेमिया, क्रॉनिक लिंफोसायटिक ल्युकेमिया म्हणजे सीएलएल, बी पेशींचा. त्याची स्लाइड सीएमएलपेक्षा अगदी वेगळी असते. एकाच छापाच्या लहान गोल पेशी आणि काच ओढताना फुटलेल्यांचे डाग. बी पेशींचे काम अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी घडवणे. इथे बी पेशी ढीगभर असतात आणि अँटिबॉडी तुटपुंज्या. कोरोनाची लस आली तेव्हा इस्रायलमधल्या एका अभ्यासात दोन्ही डोस घेऊनही निम्म्याहून कमी सीएलएल रुग्णांत अँटिबॉडी तयार झालेल्या आढळल्या. संख्या म्हणजे बळ नव्हे, याचा यापेक्षा ढळढळीत दाखला मला माहीत नाही.

शरीर ओळखत नसेल तर त्याला ओळखायला शिकवावे, हा विचार याच आजारात पहिल्यांदा ठळकपणे फळाला आला. फिलाडेल्फियात कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सीएलएलच्या रुग्णांच्याच टी पेशी बाहेर काढल्या, बी पेशीच्या अंगावरची सीडी-१९ ही खूण धरणारा पंजा त्यांना जोडला आणि त्या परत शरीरात सोडल्या. पहिल्या तिघांपैकी दोघांचा आजार नाहीसा झाला. दहा वर्षे उलटल्यावरही त्या पेशी दोघांच्या शरीरात जिवंत होत्या, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सीएआर-टी म्हणतात तो उपचार हाच. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरिअलचे डॉक्टर यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार-१९ ला आमचा जिल्हा झाला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुंबईत त्याचा प्रारंभ झाला. बी पेशींच्या काही लिंफोमा आणि ल्युकेमियांमध्ये, इतर औषधे हरल्यावर तो देतात. परदेशाच्या मानाने खर्च बराच कमी, तरी तो लाखांतच आहे. पांढुर्ण्याच्या कास्तकाराला एवढा पैसा उभा करायचा तर बाग विकावी लागेल.

बागायतदार भाऊ एकदा लॅबमध्ये आला तेव्हा त्याच्या पिशवीत प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरीचा डबा होता. कुणीतरी सांगितले होते की हे घेतले की गोळी सोडता येते. आंबिया बहराचा माल त्या वर्षी गळला होता, आणि दर महिन्याचा खर्च टळला तर कुणाला नको आहे? शिवाय त्याला काही होत नव्हते. भूक लागत होती, पानथरी आत गेली होती, माणूस बागेत दिवसभर राबत होता. दुखतच नाही, तर औषध कशाला? मी त्याला म्हटले, ‘‘भाऊ, तुमच्यात शिपायांची कमतरता कधीच नव्हती. दोन लाख होते. कमी होती ती ओळख. ती डब्यातून येत नाही.’’ तो हसला. गोळी सोडली नाही, निदान मला तरी तसे सांगत आला आहे.

मला या साऱ्यातून जे समजले ते इतकेच. प्रतिकारशक्तीला आपण बळ समजतो आणि ते कमी-जास्त होते असे धरून चालतो. जुनाट रक्तकर्करोग सांगतात की ती आधी पारख आहे. आपले आणि परके यांतला, आणि आपल्यातलेच पण बिघडलेले यांतला भेद ती करते. हा भेद करायला कधी परक्याची टी पेशी लागते, कधी प्रयोगशाळेत जोडलेला पंजा, आणि कधी एक साधी गोळी गर्दी इतकी पांगवते की शरीराचे स्वतःचे डोळे पुन्हा चालू लागतात. यांपैकी कोणतीही वाट डब्यात भरून विकता येत नाही.

आमच्या भागातल्या वाचकांना म्हणून एवढेच सांगायचे आहे. महिना-दोन महिने थकवा राहिला, वजन उतरले, डाव्या बरगडीखाली जड वाटू लागले तर रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्या आणि हिमोग्लोबिनच्या खालची ओळही वाचा. सीएमएलची गोळी चालू असेल तर बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने सोडू नका. ती थांबवता येते, पण वर्षानुवर्षे पीसीआर स्वच्छ राहिल्यावर, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करण्याची तयारी असेल तरच. आणि घरात अठरा ते पन्नास वयाचे धडधाकट कुणी असेल तर रक्तमूळपेशी दात्यांच्या नोंदणीत नाव घाला. गालाच्या आतून फिरवलेला बोळा एवढीच ती नोंदणी असते. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. भावंड जुळले नाही तर पुष्कळदा परक्याची वाट पाहावी लागते, आणि तो जुळणारा परका बहुधा आपल्याच मुलखातला, आपल्याच समाजातला निघतो.